अकरा मिनिटांचं कुलूप

माझ्या झाकणावर एक कागदी पट्टी आडवी चिकटवली आहे आणि तिच्यावर लाखेची मोहोर आहे. मला उघडायचं तर आता न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून मित्रांनो, जे सांगायचं ते मी मिटल्या झाकणानंच सांगतो. मी लॅपटॉप आहे, जुना, काळा, जाडसर, डाव्या बिजागरीत सैल झालेला. छत्रपती संभाजीनगरात, छावणीतल्या एका लहानशा दवाखान्याच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम आहे.

माझा जन्म फार दूर झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू आवळले. त्यानंतर खोकं, जहाज, ट्रक, आणि शेवटी पैठण गेटजवळचं एक दुकान. तिथून सिडकोतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला नेलं. कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, नऊ माणसं आणि खिडकीत बसवलेला एक कूलर. मालकांचं नाव बद्रीनाथ. सगळे त्यांना बद्रीसर म्हणत. दवाखान्यांना रुग्णांची नोंद ठेवता यावी असा एक प्रोग्राम ही कंपनी बनवत असे.

मला विशाखाच्या टेबलावर ठेवलं. विशाखा चोवीस वर्षांची होती. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करत, आणि इंजिनिअर झालेली ती त्यांच्या घरातली पहिलीच. तिचं काम कौतुकाचं नव्हतं. इतरांनी बनवलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या आणि त्या तोंडावर सांगायच्या. ती बोटं अलगद चालवायची आणि मी फार तापलो की मला थोडा वेळ विसावा द्यायची. तेवढ्यावरच मी तिचा झालो होतो.

आमच्या प्रोग्रामची एक मोठी जाहिरात होती: रुग्णांची माहिती कुलूपबंद. याला एन्क्रिप्शन म्हणतात. म्हणजे काय, तर ओळखीची अक्षरं एका किल्लीच्या मदतीनं अशी विस्कटून टाकायची, की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच ती परत जुळवता यावीत. फाईल चोराच्या हाती पडली तरी त्याला नुसता चिवडा दिसावा. हे कुलूप खरंच मजबूत आहे का, असं त्या कंपनीत कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते डॉक्टर मंजुषा यांनी.

मंजुषाताई छावणीत एक धर्मादाय दवाखाना चालवतात. तिथं एचआयव्हीची लागण झालेल्या लोकांना औषध मिळतं. मित्रांनो, हा आजार सोबत जेवल्यानं होत नाही. हात धरल्यानं होत नाही. कुणाच्या हातची भाकरी खाल्ल्यानं तर मुळीच होत नाही. वेळेवर औषध घेतलं तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. पण एवढं साधं सांगूनही लोकांना पटत नाही, म्हणून तिथले रुग्ण आपलं नाव जपत. काहीजण तर शेजारच्या तालुक्यातून मुद्दाम इतक्या लांब येत. अठरा वर्षं मंजुषाताईंनी त्यांची नावं एका जाड वहीत लिहिली आणि वही कपाटात बंद केली. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत असे.

वही भरली, पानं सुटायला लागली, तेव्हा त्या आमच्या कार्यालयात आल्या.

"कुलूप आहे म्हणता, ते ठीक," त्या बद्रीसरांना म्हणाल्या. "पण किती पक्कं? कुणी फोडायचंच ठरवलं तर किती वेळ टिकेल?"

"मॅडम, जगात सगळीकडे वापरतात तीच पद्धत आहे."

"मला तोंडी नको. तपासून लेखी द्या. मराठीत द्या, आमच्या विश्वस्तांनाही वाचता आलं पाहिजे. आणि ज्यानं तपासलं त्याची सही पाहिजे."

असं हे काम विशाखाकडे आणि तिच्यामार्फत माझ्याकडे आलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. विशाखानं आधी कुलपाची पद्धत तपासली. बद्रीसर खरं बोलत होते. पद्धत उत्तम होती, तिच्यात खोट नव्हती. मग तिनं किल्ली पाहिली आणि ती खुर्चीत मागे टेकून बसली. किल्ली म्हणजे दवाखान्यानं निवडलेले सहा आकडे. बस्स, सहा आकडे. आणि चुकीचे आकडे किती वेळा टाकायचे यालाही बंधन नव्हतं.

तिनं पन्नास खोटी नावं घालून एक नोंदवही बनवली, सहा आकड्यांनी बंद केली आणि एक छोटासा प्रोग्राम लिहिला. शून्यापासून सुरू करायचं आणि दहा लाखांपर्यंत एकेक किल्ली लावून पाहायची, एवढंच त्याचं काम. ते कंटाळवाणं काम माझं होतं. माणूस कंटाळला असता, मी कंटाळत नाही. पहिल्यांदा चार मिनिटांत कुलूप उघडलं. दुसऱ्यांदा नऊ. विशाखानं मुद्दाम सगळ्यात शेवटची किल्ली ठेवून पाहिली, तेव्हा अकरा मिनिटं लागली. त्याहून जास्त कधीच नाही.

मग तिनं आकड्यांऐवजी एक वाक्य ठेवलं. पाच-सहा शब्दांचं, कुणाला सुचणार नाही असं विचित्र वाक्य. मी तीन दिवस आणि तीन रात्री किल्ल्या लावत बसलो. माझा पंखा भणभणला, अंग पोळायला लागलं, पण ते कुलूप उघडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं येऊन पडदा पाहिला आणि हसून माझ्या झाकणावर थाप मारली. हरल्याबद्दल शाबासकी मिळालेला लॅपटॉप दुसरा नसेल.

विशाखानं अहवाल लिहिला. त्यात शेवटचं वाक्य असं होतं: "रुग्णांच्या गोपनीय माहितीसाठी हे कुलूप अपुरे आहे." खाली सुधारणा सुचवली होती. आकड्यांऐवजी वाक्य घ्यावं, पाच चुकांनंतर प्रोग्रामनं थांबावं. काम तीन आठवड्यांचं.

बद्रीसरांनी अहवाल तिच्या टेबलाशी उभं राहूनच वाचला.

"अकरा मिनिटं?" ते म्हणाले. "पण ही फाईल चोराच्या हाती जाणार कशी?"

"कशीही जाईल सर. दुरुस्तीला जाईल, पेन ड्राइव्हवर जाईल. ती जाईल असं धरूनच कुलूप लावतात ना?"

"छावणीतल्या दवाखान्यावर कोण हॅकर टपून बसलाय, सांग बरं?"

"सर, त्या मॅडमनी तेच तर विचारलंय. किती पक्कं."

बद्रीसर चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसले.

"हे बघ विशाखा, वाक्य ठेवलं की डॉक्टर ते विसरणार. मग रोज आपल्याला फोन. चाळीस दवाखाने सहा आकड्यांवर सुखात आहेत. आणि हे 'अपुरे' उद्या बाहेर गेलं तर ते चाळीसही जातील. मी तुला खोटं लिही म्हणत नाहीये. 'सर्वसाधारण वापरासाठी पुरेसे' असं लिही. सर्वसाधारण म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही." ते उठले. जाता जाता म्हणाले, "तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. घरी सांगितलंस का वडिलांना?"

तिनं सांगितलं होतं. मला माहीत होतं, कारण ती फोन माझ्याशेजारी बसूनच करत असे.

मित्रांनो, विशाखानं अहवाल पुन्हा उघडला. मग तिचं बोट माझ्या कळीवर आलं. 'अपुरे' या शब्दातलं पहिलं अक्षर तिनं खोडलं आणि शेवटी एक अक्षर जोडलं. पुरेसे. दोन अक्षरांचं काम. मिनिटांची ओळ आणि खालच्या सुधारणाही तिनं काढून टाकल्या. मी ते निमूट उमटवलं, जसं बाकी सगळं उमटवत होतो. अहवाल छापला गेला, तिनं सही केली. त्याच महिन्यात ती कायम झाली आणि तिनं सगळ्यांना पेढे वाटले. एक पेढा तिच्या टेबलावर दोन दिवस तसाच पडून होता, तो तिचा स्वतःचा.

मंजुषाताईंनी अहवाल दोनदा वाचला म्हणे, आणि अठरा वर्षांची वही आमच्या प्रोग्राममध्ये चढवली.

पुढे विशाखाला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी सोमनाथकडे गेलो. सोमनाथ दवाखान्यांच्या तक्रारी ऐकायचा, दुरुस्त्या करायचा. मूळचा अजिंठ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला, बोलका, कामाला वाघ. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझ्या पोटात 'चाचणी' नावाच्या कप्प्यात विशाखाचा तो किल्ल्या लावणारा प्रोग्राम अजून होता. तिनं तो मुद्दामच पुसला नव्हता. कधीतरी सरांना परत दाखवू, असं ती स्वतःशी म्हणाली होती.

एका दुपारी मंजुषाताईंच्या दवाखान्यातला संगणक बंद पडला. सोमनाथनं जाऊन तिथली कुलूपबंद फाईल काढून आणली आणि माझ्यात उतरवली. ती शाबूत आहे का, हे पाहायचं तर किल्ली हवी. त्यानं मंजुषाताईंना फोन लावला. त्या रुग्ण तपासत असाव्यात, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"विशाखानं ते काहीतरी करून ठेवलंय ना," तो शेजारच्याला म्हणाला. "बघू तरी यार, खुलती का."

मित्रांनो, मी मशीन आहे. खोटी नावं कोणती आणि खरी कोणती, हे मला कळत नाही. मला सांगितलं, मी किल्ल्या लावायला लागलो. त्या दिवशी अकरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सातव्या मिनिटाला अठरा वर्षांची वही माझ्या पडद्यावर उघडी पडली.

फाईल चांगली होती. सोमनाथनं ती तिथंच मिटायला हवी होती. तो नावं खाली सरकवत गेला. सहज, वर्तमानपत्र चाळावं तसं. आणि थांबला.

"अरे! हे तर आपलं गाव."

त्या ओळीत केसरबाई होती. वय त्रेचाळीस, विधवा, व्यवसाय: शाळेत पोषण आहार शिजवणे. बारा वर्षांपासून उपचार सुरू, प्रकृती उत्तम.

सोमनाथनं ती ओळ पुन्हा वाचली. त्याची पुतणी त्याच शाळेत दुसरीला होती. त्यानं लगेच आईला, मनकर्णाबाईला, फोन लावला. तिचा आवाज एवढा मोठा होता की तो मलाही ऐकू येत होता.

"आई, गुड्डीला शाळंतली खिचडी खाऊ देऊ नको."

"का रं?"

"नको म्हनलं ना."

"आरं पन का? कारन सांग की."

"ती केसरबाई हाय ना... तिला तो आजार हाय. एड्सवाला."

"काय म्हनतो! कोन म्हनतं?"

"माझ्यासमोर लिवलेलं हाय."

"तुझं कायबी. चांगली ठणठणीत तर हाय ती. फोटू धाड बरं."

सोमनाथ घुटमळला. मग त्यानं फोन माझ्या पडद्यासमोर धरला आणि ती ओळ टिपली. "कोनाला दावू नको हां, आई."

"नाय रं बाबा. मी कशाला दावते?"

तिनं तो फोटो शेजारणीला दाखवला. फक्त एकाच शेजारणीला.

नऊ दिवसांनी मंजुषाताई आमच्या कार्यालयात आल्या, त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्यामागे निळ्या काठाच्या साडीतली एक बाई होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कुणी खुर्ची दिली तरी ती बसली नाही. ती केसरबाई होती. माझ्या पडद्यावर मी तिला एका ओळीत पाहिलं होतं. त्या ओळीत तिच्या हाताला भाजल्याच्या खुणा आहेत हे लिहिलेलं नव्हतं.

"सांगा केसरबाई," मंजुषाताई म्हणाल्या. "तुमच्याच तोंडानं सांगा."

"काय सांगू? सोमवारी खिचडी टाकली. चौऱ्याऐंशी पोरांची. ताटं मांडली. एक पोर बसंना. आधीच चार घरच्या पोरांना माझ्या हातचं चालत नव्हतं, ते घरून डबे आनायचे. ते मला ठावं व्हतं, त्याचं कायी नाय. पन त्या दिशी समदीच भिताडाला लागून उभी. मंग दोन बाया आल्या. माझ्या हातातली पळी फडक्यानं धरून काढली. पातेलं उचलून गावाबाहेर उपडं केलं. चौऱ्याऐंशी पोरांचं अन्न, कुत्र्यापुढं." तिचा आवाज चढला नाही. "माझी श्रेया धाव्वीला हाय. तिच्या बाकावर कोनी बसना. मास्तर म्हनले, घरीच अभ्यास कर. बारा वर्सं मी कोनाला कळू दिलं नाय. माझ्या सख्ख्या भावाला नाय. मंग गावाला कोनी सांगितलं? मला तेवढं सांगा, मी जाते."

खोलीत कूलर घरघरत होता. सोमनाथ माझ्या पडद्याआड डोकं खाली घालून बसला होता. त्याची बोटं माझ्या कळांवरच होती.

बद्रीसरांनी कपाटातून अहवाल काढला. "मॅडम, आमच्याकडून गळती होणं शक्यच नाही. हे बघा, तपासलेलं आहे. विशाखा, जरा इकडे ये. ही सही तुझीच ना?"

"हो सर."

"मग झालं तर."

मंजुषाताईंनी विशाखाकडे पाहिलं. "बेटा, तू कुलूप फोडून पाहिलं होतंस का?"

"हो."

"किती वेळ लागला?"

विशाखानं तोंड उघडलं. तिनं बद्रीसरांकडे पाहिलं आणि ते पुन्हा मिटलं.

"टेक्निकल असतं मॅडम ते," बद्रीसर म्हणाले. "दवाखान्यातल्याच कुणीतरी बाहेर बोललं असेल. तुमची माणसं एकदा विचारून बघा."

मंजुषाताईंच्या दवाखान्यात तीन माणसं होती. त्या परत गेल्या आणि त्यांनी तिघांचीही उलटतपासणी केली. एक नर्स पंधरा वर्षांची नोकरी सोडून रडत घरी गेली. तिनं काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बद्रीसरांनी सोमनाथला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. विशाखा पाण्याच्या माठाशी उभी होती. तो तिला हळू आवाजात म्हणाला, "सर म्हणले, तो जुना लॅपटॉप पूर्ण साफ कर. एकबी फाईल राहिली नाय पायजे." आणि मग, न विचारताच, त्यानं तिला सगळं सांगितलं. फोटोचं, आईचं, गुड्डीचं.

विशाखा माझ्याकडे आली. मी त्या वेळी चालू होतो. 'चाचणी' कप्प्यात तारीख, वेळ, सात मिनिटं, सगळं नोंदलेलं होतं. तिनं ते पाहिलं, मला मिटलं, ओढणीत गुंडाळलं, बॅगेत घातलं आणि जिना उतरून गेली. रिक्षात ती मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत केसरबाई होती. गावात लगेच जायची सोय नव्हती, म्हणून मंजुषाताईंनी तिला एक रात्र ठेवून घेतलं होतं; श्रेया गावात घरीच होती. विशाखा दारात उभी राहिली.

"जयभीम, मावशी."

केसरबाईनं मान वर केली. "जयभीम. आपलीच हाय व्हय तू?"

"हो. बिडकीनकडचे आम्ही मूळचे." मग विशाखानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सहा आकडे, अकरा मिनिटं, तो खोडलेला शब्द, कायम व्हायचा कागद. "सही माझी आहे मावशी. मला माहीत होतं, तरी मी केली."

केसरबाई ऐकत राहिली. "अकरा मिन्टं," ती शेवटी म्हणाली. "अकरा मिन्टात तर माझं आधनबी येत नाय. आन तू त्याला पुरं म्हनलीस?"

विशाखा रडायला लागली.

"रडू नको. तुज्या रडन्याचं मी काय करू?" केसरबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या डब्यात माझं नाव हाय का आजून?"

"आहे."

"मंग मोड त्याला. माझ्यासमोर मोड."

मंजुषाताई पुढे आल्या. "केसरबाई, हा पुरावा आहे. असं नाव फोडणं गुन्हा आहे, कायदा आहे त्यासाठी. हा मोडला तर ते सगळे सुटतील."

"आन नाय मोडला तर मी सुटते का?"

मंजुषाताईंनी गळ्यातल्या साखळीची किल्ली मुठीत धरली.

"कोनाचा पुरावा?" केसरबाई म्हणाली. "नाव माझं हाय. तुमी लिवलं, त्यानं फोडलं, हिनं सही केली. मला कोनी इचारलं का? आतातरी इचारा."

मित्रांनो, त्या खोलीत कोपऱ्यात जुन्या वजनकाट्याचं लोखंडी वजन होतं. एका घावात माझं काम झालं असतं. मी तयार होतो. पण विशाखा मंजुषाताईंकडे पाहत राहिली आणि मंजुषाताई मऊ आवाजात म्हणाल्या, "थोडे दिवस थांबा. तुम्हाला न्याय मिळाला की मी स्वतःच्या हातानं मोडेन." त्या दोघीही चांगल्या होत्या. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

केसरबाई संध्याकाळच्या एसटीनं गेली. तिच्या महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट बाकावर तसंच राहिलं. नर्स गेली होती, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मंजुषाताई दुपारच्या आत तिच्या गावी पोचल्या, तर घराला कुलूप होतं. मायलेकी कुठं गेल्या, गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायचंही नव्हतं.

खटला उभा राहिला. मला मोहोर लागली. बद्रीसरांनी विशाखावर लॅपटॉप चोरल्याची तक्रार केली. तिला चार वेळा चौकीत बोलावणं आलं. चारही वेळा तिचे वडील कारखान्यातून सुट्टी काढून तिच्याशेजारी बाकावर बसले. ते तिला एक शब्दही बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं, असं ती मंजुषाताईंना सांगत होती. शहरातल्या कुठल्याही कंपनीनं तिला नंतर घेतलं नाही. ती आता एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते. सोमनाथ जबाबात म्हणाला, मला काही आठवत नाही. मी कुणाचा यावर वाद आहे, म्हणून न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करण्याच्या अटीवर मला या कपाटात ठेवलं आहे. बद्रीसरांनी कंपनीचं नाव बदललं आणि किल्ली सहाऐवजी आठ आकड्यांची केली. आठ आकड्यांना मला सुमारे अठरा तास लागले असते. त्यालाही कुणीतरी पुरेसं म्हणून सही केली असणारच.

आणि माझ्या तपासणीसाठी तज्ज्ञ आले, वकील आले, पंच आले. केसरबाईचं नाव फुटलं हे सिद्ध करायचं, म्हणून ते आणखी नऊ जणांनी वाचलं.

चौदा महिन्यांनी दवाखान्यात एक मुलगी आली. दोन वेण्या, खांद्याला सॅक. मंजुषाताईंनी तिला ओळखलं नाही, कारण तिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती श्रेया होती.

"आई गेली," ती म्हणाली. "भुसावळला. मागच्या महिन्यात."

मंजुषाताई खाली बसल्या. "औषध? औषध घेत होती ना?"

"नाही. म्हणायची, औषध घ्यायचं तर नाव लिहावं लागतं. फारच झालं तेव्हा मी दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, आधी कुठं उपचार होते का? आई म्हणाली, कुठंच नाही. नाव सुमन सांगितलं. मलाही तेच सांगायला लावलं. जुने कागद असते तर लवकर कळलं असतं, असं डॉक्टर नंतर दुसऱ्या कुणाशी बोलत होते. मी तिथंच उभी होते. मी बोलले नाही."

मग मंजुषाताईंनी डोळे पुसले आणि काहीतरी करायला हवं म्हणून म्हणाल्या, "दाखल्यावर मग नाव चुकीचं असेल. ते दुरुस्त करता येईल. माझ्याकडे कागद आहेत, मी येते तुझ्याबरोबर."

"नको," श्रेया म्हणाली.

"अगं, पण पुढे तुला अडचण येईल..."

"येऊ द्या. आईनं मरतानासुद्धा ते नाव सांगितलं नाही. आता मी कशी सांगू? मी फक्त तुम्हाला कळवायला आले. ती तुम्हाला वाईट म्हणत नव्हती." तिनं सॅक उचलली आणि ती निघून गेली. मंजुषाताई तिच्या मागे दारापर्यंत गेल्या, पण त्यांनी तिला हाक मारली नाही. नावानं हाक मारायची त्यांना हिंमत झाली नसावी.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्या यंत्रावर बसेल आणि कुणीतरी येऊन विचारेल, हे कुलूप पुरेसं आहे का? तेव्हा मिनिटं मोजा, जरूर मोजा, आणि मोजलेली मिनिटं जशीच्या तशी लिहा. पण तेवढ्यावर थांबू नका. आत कुणाचं नाव आहे ते पाहा, त्या माणसाकडे जा आणि त्याला विचारा, की एवढं तुम्हाला पुरतं का. तो नाही म्हणाला, तर ते पुरत नाही. मग समोर मालक असो, डॉक्टर असो, नाहीतर न्याय मिळवून देणारा कुणी भला माणूस असो.

परवा माझी पुढची तारीख आहे. मला कपाटातून काढतील, मोहोर तपासतील आणि पुकारा करतील. ती हजर नाही म्हणून पुन्हा पुढची तारीख देतील. केसरबाई वारली, असं सांगणारा एकही कागद त्यांच्यासमोर नाही.